अठ्ठावन्न सरक्या

करीम, माझ्या गिटारीतला तुझा पिकअप शेवटी खोलला.

अकरा वर्षं तू मागत होतास. "एक दिवस ठेव बे माझ्यापाशी. खोलून पाहतो अन् जसाचा तसा बसवून देतो." अकरा वर्षं मी नाही म्हणालो. कधी जयंती जवळ आली म्हणून, कधी वलगावचा कार्यक्रम आहे म्हणून, तर कधी काही न बोलता नुसतीच गिटारच्या पेटीची कडी लावून. आता तू नाहीस. मी अमरावतीला माझ्या घरी खिडकीपाशी चटई टाकून बसलो आणि त्याचे दोन स्क्रू काढले. दोन मिनिटांचं काम होतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला मला काहीच अडचण नाही. अडचण माझ्याबद्दल आहे. एक गोष्ट मी तुला सांगायला हवी होती, ती सांगितली नाही, आणि त्या न सांगण्यापायी तुझं कारागिराचं नाव गेलं. ती इथे लिहितो आहे. तुला वाचता येणार नाही हे ठाऊक आहे. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, ती आता आली यात काही शौर्य नाही, हेही ठाऊक आहे.

तुला ती गिटार पहिल्यांदा दाखवली तो रविवार आठवतो. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून मी ती जुनी घेतली होती. हवाईयन गिटार, मांडीवर आडवी ठेवायची आणि पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. दीक्षा घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या वस्तीत गायन पार्टी उभी राहिली. पेटी होती, ढोलक होता, गिटार कोणाकडेच नव्हती. म्हणून कचेरीतला मी कारकून तिथे एकदम 'गिटारवाले' झालो. पण आवाज भिकार होता. तारांच्या खाली पिकअप बसतो, म्हणजे एक लोहचुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली केसाएवढी तांब्याची तार. तारांची थरथर तोच पकडतो आणि अॅम्प्लिफायरला देतो. माझ्या गिटारीतला सडून गेला होता. भोंग्यातून नुसती घोंघों यायची. आमचा ढोलकवाला भर कार्यक्रमात म्हणायचा, "देवीदासभाऊ, पहिले डास मारा, मंग गाणं सुरू करू."

कोणीतरी सांगितलं की अकोल्याला जुन्या शहरात एक रेडिओ मिस्त्री आहे, काय वाट्टेल ते गुंडाळून देतो. बडनेऱ्याहून गाडी धरली, मोर्णेचा पूल ओलांडला आणि विचारत विचारत तुझ्या दुकानाशी आलो. तू नाव विचारलंस. आडनाव विचारलं नाहीस. चहा मागवलास आणि तुझ्याच कपातला अर्धा बशीत ओतून माझ्याकडे सरकवलास. त्या दिवसांत अशा गोष्टींकडे माझं फार लक्ष असे. याही गोष्टीकडे गेलं.

"गिटार? मी तं आजलोक सिनेमातच पाह्यली बे. दे इकडे."

पुढचे कितीतरी रविवार आपण त्या एका आवाजापायी घालवले. आधी तू जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधली गुंडाळी बसवून पाहिलीस. कोणी गळा दाबून गातंय असा आवाज आला. मग मी मुंबईहून एक तयार पिकअप मागवला. दिसायला चकचकीत, पण कडेच्या दोन तारा त्याला ऐकूच जात नव्हत्या. तू त्याच्याखाली आगपेटीचे तुकडे घातलेस, वर उचलला, खाली केला, तिरपा केला. मी कांडी फिरवायचो आणि तू कान लावून बसायचास.

"आता?"

"पाण्यात बुडून राहिला."

"आता?"

"आता बाहेर निघाला, पण नाक दाबूनच."

भांडणही त्याच दिवसांतलं. तुझं म्हणणं, पिकअप नंतर, आधी भोंगा बदला. "भोंगा भाषणासाठी असते बे. त्याच्यातून कोकिळा गायली तरी कावळाच ऐकू येईन." मी म्हणायचो, भोंगा कंत्राटदाराचा, तो मी कसा बदलणार? गिटार माझी आहे, तिचंच काय ते बोल. हे भांडण तसंच राहिलं. आता वाटतं, त्यात तूच बरोबर होतास. पण ते जाऊ दे.

शेवटी तू म्हणालास, घरचाच बनवू. मोटारसायकलच्या जुन्या मॅग्नेटोतून चुंबकाची पट्टी काढलीस. भंगारात निघालेल्या एका फौजी वायरलेस सेटमधलं तारेचं रीळ तुझ्याकडे पडून होतं, ते घेतलंस. पुठ्ठ्याची चौकट कापलीस. ती हाताने फिरवायच्या चाकावर चढवलीस. चाकाच्या एका फेऱ्याला दहा वेढे बसत. दहा फेरे झाले, म्हणजे शंभर वेढे झाले, की उजव्या कटोरीतली एक सरकी उचलून डाव्या कटोरीत टाकायची.

"सरकीच काहून?" मी विचारलं.

"अकोल्यात दुसरं काय फुकट भेटते?"

मोजणं चालू असताना दुकानात बोलायला बंदी. भाभी जेवायला बोलवायला आली तरी दारात उभी राहून बोटांनी सांगायची. आणि मी? मला गप्प बसवत नसे. पहिली गुंडाळी माझ्या धक्क्याने तुटली. दुसरी, तू नको म्हणत असताना मी तार सरळ करायला गेलो तेव्हा तुटली. त्यावर तू जे बोललास ते मी विसरलो नाही. "बाबू, तू कागदं काळे कर. तुह्या हाताले अक्कल नाही."

तिसरी गुंडाळी त्याच रिळातल्या उरलेल्या तारेवर चालू होती. जयंतीला आठ दिवस राहिले होते. दुपार कलली, मशिदीतून अजान झाली आणि तू उठलास. तार चिमट्यात धरून ठेवलीस. "आलोच. हात लावू नको. श्वासही घेऊ नको."

मी श्वास घेतला नाही, करीम. पण तू येईपर्यंत अॅम्प्लिफायर तापून तयार असावा, म्हणजे तुझा वेळ जाणार नाही, असं मनात आलं. मदत करायची होती. त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटात घालायला हात लांब केला आणि कोपराने दोन्ही कटोऱ्या उडाल्या. सगळ्या सरक्या फरशीवर एकत्र झाल्या.

मी गुडघ्यांवर बसून त्या गोळा केल्या. डावीत किती होत्या? निम्म्याहून पुढे आला असशील असं वाटत होतं. तीस? चाळीस? खरं सांगितलं तर तू सगळी गुंडाळी उलगडणार, तार पुन्हा तुटणार, जयंती जाणार, आणि माझ्या हाताची अक्कल पुन्हा निघणार. मी एकतीस मोजल्या आणि डाव्या कटोरीत टाकल्या. एकतीसच का, ते मला आजही सांगता येत नाही.

तू आलास. कटोरीकडे पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. मी छताकडे पाहात होतो. तू बसलास आणि चाक फिरवायला लागलास. रीळ संपलं तेव्हा डावीत अठ्ठावन्न सरक्या होत्या. तू त्या दोनदा मोजल्यास, वहीत लिहिलंस, वर कापडी पट्टी गुंडाळलीस आणि सगळं मेणात बुडवलंस.

आणि मग वलगाव. तो आवाज! तू मुद्दाम अकोल्याहून आला होतास आणि पुढे पोरांमध्ये मांडी घालून बसला होतास. मी पहिला सूर लावला आणि भोंगा असूनही, कंत्राटदाराची बॅटरी अर्धी मेलेली असूनही, तो सूर भरलेल्या गळ्यातून निघावा तसा मैदानावर पसरला. तू उठून सरळ मंचापाशी आलास आणि सगळ्यांसमोर ओरडलास, "बाबू, हा तं गाऊन राहिला बे!" ढोलकवाल्याने ढोलक थांबवला. डास मेला, म्हणाला.

त्या संध्याकाळी मला वाटलं, झालं ते बरंच झालं. आवाज चांगला आला म्हणजे आकड्याचं काय एवढं? तुला सांगायचं माझ्या मनातून निघूनच गेलं. नाही, हे खोटं लिहितो आहे. निघून गेलं नाही. मी ते बाजूला सारलं.

तो आवाज ऐकून लोक तुझ्याकडे आले. अकोल्याचे दोन कव्वाल, नांदगाव खंडेश्वरचा एक बेंजोवाला. "देवीदासभाऊंच्या गिटारीत आहे तसाच बनवून द्या." तू वही उघडलीस, अठ्ठावन्न सरक्या मोजल्यास आणि तसाच बनवून दिलास. तो पत्र्यासारखा वाजला. दुसरा बनवलास. तोही पत्रा. नांदगावचा माणूस परत आला त्या दिवशी मी तुझ्या दुकानात बशीतला चहा पीत होतो. त्याने पिकअप टेबलावर ठेवला. "मिस्त्री, हा पत्रा तुमचा तुमाले. दोस्ताले सोनं अन् आमाले टीन?"

तू त्याला शपथा घेऊन सांगत होतास की मोजमाप तेच आहे. माझ्याकडे बोट दाखवलंस. "याले विचारा. हा समोर होता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून.

करीम, मी खूप वेळा गप्प बसलो आहे, पण खोटं मी त्या एकाच दिवशी बोललो, आणि तेही तोंड न उघडता.

त्यानंतर तू मीटर लावून बसलास. माझी गिटार आणायला सांगितलीस, वरूनच दोन टोकं धरलीस. माझ्या पिकअपचा आकडा मोठा, नव्यांचा लहान. तू मला समजावून सांगितलंस, जसा मी शाळकरी पोरगा आहे: "पाह्य. वेढे सारखेच. चुंबक त्याच मापाचा. मंग मीटर काहून जास्त दाखवते? याचा अर्थ पह्यली तार बारीक होती. बारीक तार जास्त अडवते. ते रीळ फौजी होतं, बाजारात तशी भेटत नसन." इतका सरळ हिशेब. त्यातली एकच गोष्ट खोटी होती, आणि ती कटोरीत मी टाकलेली होती.

तिथून तू त्या बारीक तारेच्या मागे लागलास. नागपूरला गेलास, मुंबईला पत्रं पाठवलीस, जुने हेडफोन फोडून त्यांच्या गुंडाळ्या उलगडल्यास. जास्त बारीक तार मिळाली की ती बोटातच तुटायची. चष्मा आला, मग जाड चष्मा आला. भाभी मला म्हणाली होती, "भाऊ, तुमीच समजवा ना यांना. एका तारेपायी डोळे घालवून बसतीन." मी समजावलं सुद्धा! काय निर्लज्जपणा. म्हणालो, "जाऊ दे करीम, एखादी चीज एकदाच बनते." तू भडकलास. "एकदा बनली ते नशीब, बाबू. दुसऱ्यांदा बनली तं कारागिरी." आणि पुन्हा तेच: "एक दिवस दे. खोलतो, तारेचं माप घेतो, बंद करतो."

आवाज बिघडेल म्हणून मी देत नव्हतो असं तुला वाटायचं. लोकांनाही तसंच वाटायचं. तू खोलला असतास तर तार मापात घातली असतीस, ती साधी निघाली असती, आणि मग तू वेढे मोजायला बसला असतास. मला भीती त्याची होती.

हळूहळू कव्वाल यायचे बंद झाले. रेडिओची दुरुस्ती चालायची, पण पिकअपचं नाव काढलं की लोक हसायचे. तुला कोणी 'पत्रेवाला' म्हणालं ते तूच मला हसत सांगितलंस. तुझं ते हसणं मला आवडलं नव्हतं.

आता एक विचारतो, रागावू नकोस. खरं तर मीच रागावलो आहे. तू तारेवर शंका घेतलीस, चुंबकावर घेतलीस, मेणावर घेतलीस. एकदा तर म्हणालास, पावसाळी हवेचा असर असन. जगातल्या प्रत्येक वस्तूवर शंका घेतलीस. माझ्यावर का नाही घेतलीस? दोन गुंडाळ्या माझ्याच हाताने तुटल्या होत्या. नमाजाला जाताना तू दुकान माझ्यावर सोडून गेला होतास. एवढा हुशार माणूस तू, बिघडलेल्या रेडिओचा नुसता वास घेऊन कोणता व्हॉल्व गेला ते सांगणारा. एकदा माझी मान धरून विचारायचं होतंस. मी लगेच सांगितलं असतं. असं आज तरी वाटतं.

शेवटचं भेटलो तेव्हा तू खाटेवर होतास. आवाज बसला होता. बोललास ते हेच. "आता तं दे बे. तार पाहाची राहून गेली." मी म्हणालो, पुढच्या रविवारी आणतो. रविवारी कार्यक्रम नव्हता, काम नव्हतं, काही नव्हतं. मी आलो नाही. नंतर कार्ड आलं, आणि मी पोचलो तेव्हा तुला माती देऊन तीन दिवस झाले होते.

इतकी वर्षं मी एका गोष्टीच्या आधाराने निभावलं. ती तुझी नजर. नमाजाहून आल्यावर कटोरीकडे पाहिलंस आणि मग माझ्याकडे. मी मनात ठरवून टाकलं होतं की तुला तेव्हाच कळलं, आणि तू मला माफ करून चाक फिरवायला बसलास. म्हणजे जे सांगायचं ते सांगून झाल्यासारखंच. मला हे किती सोयीचं होतं!

त्याच भेटीत, तुझ्या घरी, भाभीने तुझी वही आणली. तुझ्या उर्दू अक्षरांतली, मला एक ओळ वाचता येईना. मी म्हणालो, माझ्या पिकअपचं पान आहे का बघा. तिने पानं उलटली आणि वाचलं. "पाँच हजार आठ सौ. अट्ठावन सरकी. गवाह, देवीदास."

मी पुन्हा वाचायला लावलं. इतर पानांवर नुसते आकडे होते. साक्षीदार फक्त माझ्या पानावर होता. तुला कळलं नव्हतं, करीम. तू शंका घेतली नाहीस, कारण मी समोर होतो.

तिथेच, तुझ्या खाटेच्या जागी बसून मी भाभीला सगळं सांगितलं. कटोऱ्या, एकतीस सरक्या, नांदगावच्या माणसासमोर हलवलेली मान. ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल, किंवा मला घरातून जायला सांगेल.

"मले काहून सांगून राहिले, भाऊ?" ती म्हणाली. "ज्याहीले सांगाचं होतं ते तं गेले."



मग ती आत गेली आणि तुझ्या दोन्ही कटोऱ्या घेऊन आली. सरकीसकट. त्या वहीवर ठेवून माझ्यासमोर सरकवल्या. "खोला तो. मोजा. बरोबर आकडा लिहून आणा. माह्या दिराले दुकान चालवाचं आहे, अन् लोक यांना पत्रेवाला म्हणतेत."

म्हणून खोलला. मेण उकळत्या पाण्याच्या वाफेवर सोडवलं, कापडी पट्टी काढली, चौकट सायकलच्या आरीवर अडकवली आणि एकेक वेढा उलगडत गेलो. शंभर झाले की एक सरकी उजवीकडून डावीकडे. तीन दुपारी लागल्या. तार अकरा वेळा तुटली, दर वेळी तिथून पुढे मोजलं. बायको दारातून बोटांनी सांगायची, जेवायला चला. मी तिला काही शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच समजलं.

मध्ये एकदा तुझ्याशी मनातल्या मनात भांडायला लागलो, 'माझी मान का नाही धरलीस' म्हणून, आणि आकडा निसटणार होता. तुझा आवाज आला: बोलू नको. गप्प बसलो. पहिल्यांदाच.

तारेचा एक तुकडा इथल्या रेडिओवाल्याकडे नेला. त्याने माप लावून पाहिलं. "साधी आहे भाऊ. पाहिजे असन तं माह्याजवळ दोन रीळं पडून आहेत." अकरा वर्षं तू जी तार शोधत नागपूर-मुंबई पालथी घातलीस, ती तुझ्याच फळीवर होती.

माझी गिटार आता मुकी आहे. वलगावचा तो आवाज चटईवर तांबूस गुंताडा होऊन पडला आहे. तुझा भाऊ नवा पिकअप गुंडाळेल तेव्हा तसाच वाजेल की नाही, मला माहीत नाही. वाजला तर ती तुझी कारागिरी, दुसऱ्यांदा बनलेली. नाही वाजला तर भोंग्याचं भांडण पुढे चालू.

उद्या रविवार आहे. वही आणि कटोऱ्या घेऊन अकोल्याला येतो. तुझ्या ओळीतलं एकही अक्षर मी खोडलं नाही. तिच्याखाली माझ्या अक्षरात लिहिलं आहे:

वेढे सात हजार एकशे. सरक्या एकाहत्तर. तार साधी. वरचा आकडा माझ्यामुळे चुकला, करीम मिस्त्रींमुळे नाही. मोजणारा देवीदास. साक्षीला कोणी नाही.